कुलूपबंद वॉर्डातली प्रेमकथा आणि वास्तव

मोबाइलवर कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्या तरुणाईत ‘डार्क रोमान्स’ हा प्रकार सध्या बराच लोकप्रिय आहे. इंग्रजीतून सुरू झालेली ही लाट आता तालुक्याच्या गावातल्या मोबाइलपर्यंतही पोचते. त्यातला एक साचा ठरलेला आहे. नायिकेला तिच्या मर्जीविरुद्ध एका मनोरुग्णालयात डांबले जाते. संस्था आतून सडलेली असते. तिथला डॉक्टर किंवा पहारेकरी सुरुवातीला तिचा छळ करतो, ती त्याचा तिरस्कार करते. पुढे तिरस्काराचे आकर्षण होते, आकर्षणाचे प्रेम होते आणि शेवटी दोघे मिळून त्या संस्थेचे बिंग फोडतात.

कथा ही कथाच असते आणि ती वाचल्याने कुणी बिघडत नाही. पण हा साचा दोन समजुती नकळत पक्क्या करतो. एक म्हणजे, बंदिस्त माणसाला त्याच्या पहारेकऱ्याविषयी वाटणारी ओढ हे खरे प्रेम असते. दुसरी म्हणजे, मनोरुग्णालयातला भ्रष्टाचार एखाद्या खलनायकामुळे होतो आणि तो गेला की सारे ठीक होते. मानसशास्त्र, कायदा आणि आपल्या राज्यातला अनुभव या दोन्ही समजुतींना छेद देतो. बुलढाणा जिल्ह्यात तर हा विषय कल्पनेतला राहतच नाही. मानसिक आजारी माणसाला दोरीने बांधून नेताना पाहिलेली माणसे इथे गावोगावी भेटतील.

भीती आणि ओढ यांची सरमिसळ

शत्रूचा प्रियकर झालेला वाचताना आपल्याला ते खरे का वाटते? त्याचे उत्तर आपल्या शरीरात आहे. भीती वाटली की छाती धडधडते, श्वास वाढतो, तळहाताला घाम येतो. आकर्षण वाटले तरी जवळपास हेच होते. मेंदूला शरीराची खळबळ कळते, पण तिचे कारण लावताना त्याची गल्लत होऊ शकते.

१९७४ मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातील कॅपिलानो नदीवरच्या उंच झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. पुलावर पुरुषांना एक तरुणी भेटायची, काही प्रश्न विचारायची आणि आपला फोन नंबर द्यायची. नंबर घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. तोच प्रयोग भक्कम, कमी उंचीच्या पुलावर केला तेव्हा १६ पैकी फक्त २ जणांचा फोन आला. संख्या लहान आहे आणि या प्रयोगाच्या अर्थावर पुढे वादही झाले. तरीही भीतीने पेटलेले शरीर समोरच्या व्यक्तीकडे ओढले जाऊ शकते, एवढी शक्यता त्यातून पुढे आली.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. छळ करणारी व्यक्तीच अधूनमधून माया दाखवते तेव्हा ती माया फार मोठी वाटू लागते. दिवसभर उपाशी ठेवणाऱ्याने संध्याकाळी चहा दिला तर तो उपकार वाटतो. हिंसक नात्यांचा अभ्यास करताना डटन आणि सुझन पेंटर यांनी या बंधाला ‘ट्रॉमॅटिक बाँडिंग’, म्हणजे आघातातून जुळलेला बंध, असे नाव दिले. मारणाऱ्या नवऱ्याला सोडून आलेली बाई पुन्हा त्याच घरी का जाते, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग इथे सापडतो. या बंधाचे मूळ दोन गोष्टींत असते. एकाच्या हातात सगळी सत्ता असते आणि त्याचा चांगुलपणा लहरीवर अवलंबून असतो.

अशा वेळी ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ हा शब्द हमखास निघतो. ऑगस्ट १९७३ मध्ये स्वीडनच्या राजधानीतल्या एका बँकेत दरोडेखोराने चार कर्मचाऱ्यांना सहा दिवस ओलीस ठेवले आणि ओलिसांना दरोडेखोरांविषयी सहानुभूती वाटू लागली, अशी ती कहाणी. मात्र हे अधिकृत वैद्यकीय निदान नाही. त्या ओलिसांपैकी एका तरुणीने तर पोलिसांच्या कारवाईचीच आपल्याला जास्त भीती वाटत होती, असे सांगितले. म्हणजे ज्याला बाहेरचे लोक आजार म्हणत होते, तो कदाचित जीव वाचवण्याचा शहाणपणा होता. ज्याच्या हाती आपला जीव आहे त्याच्याशी जुळवून घेणे, त्याला हसून उत्तर देणे, त्याच्यात चांगले शोधणे, हे माणूस जगण्यासाठी करतो. त्याला प्रेम म्हणणे सोपे आहे, कारण त्यामुळे सत्ता गाजवणाऱ्यावरचा दोष हलका होतो.

उपचारातले नाते

मनोरुग्णालयात या सगळ्यावर आणखी एक थर चढतो. मानसोपचारात रुग्ण स्वतःचे सर्वात खाजगी दुःख डॉक्टरपुढे उघडे करतो. आईवडील, जोडीदार, हरवलेली माणसे यांच्याविषयीच्या जुन्या भावना तो नकळत डॉक्टरवर वळवतो. याला ‘ट्रान्सफरन्स’ म्हणतात. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१५ मध्ये यावर स्वतंत्र लेख लिहून रुग्णाच्या प्रेमाला डॉक्टरने प्रतिसाद देऊ नये, असे बजावले होते. ही ओढ उपचारांच्या परिस्थितीतून निर्माण होते, तिचे श्रेय डॉक्टरने स्वतःच्या व्यक्तिमत्त्वाला देऊ नये, हा त्यामागचा विचार होता. रुग्णाला लाजवायचे नाही, झिडकारायचे नाही आणि त्याचा फायदाही घ्यायचा नाही. शंभर वर्षांनंतरही मानसोपचारतज्ज्ञांच्या प्रशिक्षणात हा धडा पक्का आहे.

भारतातल्या डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेतही व्यवसायाच्या आडून रुग्णाशी गैरवर्तन किंवा अनुचित संबंध ठेवणाऱ्यावर शिस्तभंगाच्या कारवाईची तरतूद आहे.

आपल्या सिनेमाने हा विषय पूर्वीच हाताळला आहे. १९६९ च्या ‘खामोशी’मध्ये वहिदा रेहमान यांनी साकारलेल्या परिचारिकेला उपचाराचा भाग म्हणून रुग्णाशी प्रेमाचे नाटक करायला सांगितले जाते. रुग्ण बरा होऊन निघून जातो. पुढे दुसऱ्या रुग्णावर तोच प्रयोग होतो आणि शेवटी परिचारिकेवरच त्याच रुग्णालयात रुग्ण होण्याची वेळ येते. मानसोपचारात असा ‘उपचार’ नसतो. पण संस्थेच्या सोयीसाठी माणसाच्या भावना वापरल्या की कुणाचे तरी नुकसान होतेच, हे त्या चित्रपटाला नेमके कळले होते. आजच्या डार्क रोमान्सपेक्षा तो त्या अर्थाने अधिक प्रामाणिक आहे.

विदर्भातून निघालेला कायदा

ताब्यातल्या स्त्रीची संमती खरी मानायची का, हा प्रश्न देशापुढे आणणारा खटला विदर्भातलाच आहे. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. हा खटला ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखला जातो. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मात्र त्यांना दोषी ठरवले. धाकापुढे हतबल होऊन शरण जाणे म्हणजे इच्छा नव्हे, असा फरक उच्च न्यायालयाने केला होता. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केल्याचे दिसत नव्हते, म्हणजे तिची संमती होती, असा त्यामागचा तर्क होता.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर महिला संघटना रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. त्या बदलात पोलीस ठाणे आणि तुरुंग यांच्याबरोबर रुग्णालयाचाही समावेश झाला.

आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६८ मध्ये ही तरतूद आहे. रुग्णालयाच्या व्यवस्थापनातल्या किंवा नोकरीतल्या व्यक्तीने आपल्या पदाचा गैरवापर करून तिथल्या स्त्रीला लैंगिक संबंधासाठी प्रवृत्त केले, तर तो संबंध बलात्काराच्या व्याख्येत बसत नसला तरीही गुन्हा आहे. शिक्षा किमान ५ आणि कमाल १० वर्षे सक्तमजुरी. म्हणजे कादंबरीतल्या नायिकेने “माझी संमती होती” असे सांगितले तरी कायदा आधी विचारतो, की त्याने पदाचा वापर केला का? आणि मानसिक स्थितीमुळे कृतीचे स्वरूप वा परिणाम समजू न शकणाऱ्या स्त्रीची संमती कायदा संमतीच मानत नाही. या तरतुदीत एक उणीव आहे. ती फक्त स्त्रियांना संरक्षण देते. वॉर्डातल्या पुरुष रुग्णाचे शोषण झाले तर हे कलम त्याच्या कामी येत नाही.

भ्रष्ट संस्था कशी दिसते?

कथेतल्या भ्रष्ट संस्थेत तळघर असते, गुप्त प्रयोग असतात आणि एक क्रूर संचालक असतो. प्रत्यक्षातली सडण बहुतेक वेळा इतकी नाट्यमय नसते. ती कंटाळवाणी आणि कागदोपत्री असते.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खाजगी ‘मानसिक आरोग्यगृहा’ला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते, त्यामुळे त्यांना पळता आले नाही. २८ जणांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन राज्यांना आदेश दिले. त्यानंतर २०२३ च्या सुरुवातीला राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने देशातल्या ४६ सरकारी मानसिक आरोग्य संस्थांची अवस्था अमानवी आणि दयनीय असल्याचे नोंदवले. बरे झालेल्या रुग्णांना बेकायदा ठेवून घेतले जाते, हा त्यातला महत्त्वाचा आक्षेप होता.

महाराष्ट्रात ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी अशी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेमागे एका महिलेचे प्रकरण होते. पतीने दाखल केलेली ही महिला ठाण्याच्या मनोरुग्णालयात सुमारे बारा वर्षे राहिली. याचिकेच्या सुनावणीत कळले, की राज्यात शेकडो रुग्ण दहा वर्षांहून अधिक काळ आत आहेत आणि त्यातले अनेक घरी जाण्याच्या स्थितीत आहेत. कादंबरीत शत्रूचा प्रियकर होतो. इथे जोडीदारच कुलूप लावणारा झाला आणि ते उघडायला व्यवस्थेला बारा वर्षे लागली.

इथे कुठलाही एक खलनायक सापडत नाही. घरच्यांनी दिलेला पत्ता खोटा निघतो. सामाजिक कार्यकर्त्यांची पदे रिकामी राहतात. देखरेख करणाऱ्या मंडळांच्या बैठका होत नाहीत. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ मध्ये अशा ठिकाणांना ‘सर्वंकष संस्था’ म्हटले होते. झोपणे, जेवणे, काम, विरंगुळा सारे एकाच छताखाली, एकाच अधिकाराखाली होते. माणसाचे कपडे, केस आणि वेळ त्याचे स्वतःचे राहत नाहीत. कर्मचारी चांगले असले तरी बाहेरची नजर तिथे पोचत नसेल तर गैरवापराला जागा राहतेच.

सैलानी ते नागपूर

बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाचे चित्र वेगळे आहे. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सर्व जातीधर्मांचे लोक दूरदूरहून येतात. होळीच्या सुमारास यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. ‘बाहेरची बाधा’ झाली असे समजून मानसिक आजार असलेल्या माणसाला इथे आणण्याची जुनी रीत आहे. काही कुटुंबे त्याला दोरीने किंवा साखळीने बांधून आणतात, कारण बांधले नाही तर तो हरवेल, कुणाला मारेल, अशी भीती असते.

या कुटुंबांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर असतात. बुलढाण्यातून नागपूरचे मनोरुग्णालय तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. रोजंदारी बुडवून, चिडलेल्या माणसाला एसटीत बसवून एवढे अंतर जायचे आणि पुन्हा दरमहा औषधाला जायचे. दर्ग्यावर निदान कुणी हाकलत नाही. श्रद्धेच्या ठिकाणी आधार मिळतो हे खरे, पण साखळीने आजार बरा होत नाही. स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद यांवर औषधे लवकर सुरू केली तर बहुतेकांना बराच गुण येतो. बांधून ठेवण्यात गेलेली वर्षे मात्र परत मिळत नाहीत.

कायदा दोन्ही बाजूंनी स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी केली आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा गुन्हा आहे. या कायद्याच्या अनुसूचीत आणखी एक नोंद आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. आपल्यात अलौकिक शक्ती आहे किंवा तू गेल्या जन्मी माझी पत्नी वा प्रेयसी होतीस, असे भासवून लैंगिक संबंध ठेवणे हाही गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे. पांढऱ्या कोटातला डॉक्टर असो की भोंदू बाबा, बरे होण्याच्या आशेवर बसलेल्या माणसाचा फायदा घेण्याची युक्ती एकच असते, हे या नोंदीतून दिसते.

याच जिल्ह्यात चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळ येथे सेवासंकल्प प्रतिष्ठान रस्त्यावरच्या बेवारस मनोरुग्णांना आसरा देते. अशा कामाला समाजाने मदत करावीच. पण एकेका संस्थेच्या चांगुलपणावर सगळा भार टाकून शासनाची जबाबदारी संपत नाही.

मग रुग्णाने प्रेम करायचेच नाही का?

इथे एक धोका आहे. संमतीचा एवढा विचार करताना मानसिक आजार असलेल्या माणसाला प्रेम, लग्न, शरीरसंबंध यांचा अधिकारच नाही, असे आपण म्हणू लागतो. ही चूक महाराष्ट्राने भयंकर पद्धतीने केलेली आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद स्त्रियांची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. पाळीची स्वच्छता आणि गर्भधारणेची भीती, ही कारणे सांगितली गेली. त्या स्त्रियांचे संरक्षण होते ते असे.

याच्या उलट उदाहरण चेन्नईचे आहे. १७९४ पासूनची परंपरा सांगणाऱ्या किलपॉक येथील मानसिक आरोग्य संस्थेत ऑक्टोबर २०२२ मध्ये एक लग्न लागले. वधू आणि वर दोघेही तिथे उपचार घेऊन बरे झालेले होते, तिथेच काम करत होते. राज्याचे आरोग्यमंत्री लग्नाला हजर होते. ही मनोरुग्णालयातली खरी प्रेमकथा. तिच्यात दोघांपैकी कुणाच्याही हातात दुसऱ्याच्या खोलीची किल्ली नव्हती, कुणाच्या औषधाचा, जेवणाचा किंवा सुट्टीचा निर्णय दुसऱ्याकडे नव्हता. बरोबरीचे नाते आणि पदाचा गैरवापर यांतला फरक ओळखायला हा निकष पुरेसा आहे.

कुटुंबांनी काय लक्षात ठेवावे?

आपल्या माणसाला दाखल करावे लागले तर २०१७ च्या कायद्याने दिलेले काही हक्क माहीत असायला हवेत. प्रौढ व्यक्ती आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ स्वतः लेखी नेमू शकते. तो नवरा किंवा भाऊच असला पाहिजे असे नाही. रुग्णाला फोन करण्याचा, भेटायला आलेल्याला भेटण्याचा किंवा नाकारण्याचा हक्क आहे. सक्तीने मुंडण करता येत नाही, स्वतःचे कपडे घालता येतात, कामाचा मोबदला मिळाला पाहिजे. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता विजेचा झटका देण्यास बंदी आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल केले, तर ती माहिती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ७ दिवसांत, आणि रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत कळवावी लागते. या मंडळाकडे रुग्ण स्वतः दाद मागू शकतो. घरचे न्यायला येत नाहीत एवढ्या कारणावरून कुणाला आत ठेवता येत नाही.

उपचार कुठे घ्यावेत हे कळत नसेल तर शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे. जिल्हा रुग्णालयातून मानसिक आजारांची औषधे मिळू शकतात, त्यासाठी प्रत्येकाला नागपूर गाठावे लागत नाही.

आणि एक गोष्ट कायद्यात लिहिलेली नसली तरी तिचा परिणाम मोठा होतो. दाखल केलेल्या माणसाला भेटायला जावे. दर महिन्याला कुणी भेटायला येते हे वॉर्डात माहीत असले, की त्या रुग्णाला हात लावताना वाईट माणूस विचार करतो. त्याच्या अंगावर नवीन खूण दिसली तर विचारावे. तो एखाद्या कर्मचाऱ्याविषयी फार कौतुकाने किंवा फार घाबरून बोलू लागला तरी शांतपणे ऐकून घ्यावे. आणि डॉक्टर “आता घरी न्या” म्हणाले, की त्याच आठवड्यात न्यावे.